तिच्या तोंडून माझं नाव

आमच्या घरात मला नाव नव्हतं. मुलगा बाबा म्हणतो, सून मामा म्हणते आणि बायको नुसतं ‘अवो’ म्हणायची. घराबाहेर मी वायरमन. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतल्या वाड्यापाड्यांत मी वीज खात्याच्या खांबांवर चढण्यात उमर घालवली, त्यामुळे किन्हवलीच्या बाजारात आजही मागून ‘ओ वायरमन’ अशी हाक आली की मी वळतो. आई होती तोवर ती गणप्या म्हणायची. ती गेली, आणि गणपत हे नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं.

आमच्याकडे जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे वाचणाऱ्याला वेगळं सांगायला नको. पण अनसूयेचं, म्हणजे माझ्या बायकोचं, सगळंच कडक. माझं नाव गणपत, म्हणून ती गणपतीचंही नाव घेत नसे. भाद्रपदात घरी मूर्ती आली की म्हणायची, ‘गवरीचा पोर आला.’ आरतीत सगळे घसा फोडून ओरडत असायचे आणि त्या एका शब्दाला हिचे ओठ मिटायचे. लग्नात दारात अडवून बायकांनी तिला नाव घ्यायला लावलं होतं, तेव्हा तिनं ते घेतलं म्हणतात. मी ताशेवाल्यांच्या बाजूला उभा होतो. मला ऐकू आलं नाही.

तरुणपणी मी तिला फसवून ते वदवून घ्यायचे खूप उद्योग केले. एकदा म्हसा गावच्या जत्रेत आमची चुकामूक झाली. घोंगड्यांच्या बाजारात मी पुढे गेलो आणि ती बांगड्यांपाशी राहिली. हरवलेल्या माणसांची नावं जिथे भोंग्यावर पुकारत होते तिथे ती गेली. पुकारणाऱ्यानं विचारलं, कोण हरवलंय, नाव सांगा. ही गप्प. मागे माणसं खोळंबली. शेवटी भोंग्यावर आलं, ‘किन्हवलीकडचे वायरमन, तुमची बायको इथं उभी आहे, आणि तुमचं नाव सांगत नाही, लवकर या.’ सगळी जत्रा हसली. मी मनात म्हटलं, हिला माझ्यापेक्षा रीत प्यारी आहे. पण खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमानच वाटला होता.

हे सगळं सांगतोय कारण पुढे आमच्या घरी जो आजार आला तो या रीतीच्या आड कितीतरी दिवस लपून राहिला. त्याचं नाव अल्झायमर. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांच्यासाठी लिहितोय. औषधाचं डॉक्टर सांगतील. मला घरातलं तेवढं सांगता येईल.

*

सुरुवात कधी झाली ते मला सांगता येणार नाही. मी निवृत्त होऊन घरी बसलो तेव्हा ते सुरू झालेलं असावं. मुलगा भास्कर आसनगावहून लोकल पकडून कल्याणला कामाला जायचा, तो अंधारात निघायचा आणि अंधारातच यायचा. घरात सून सुनीता, त्यांची लहान लेक, मी आणि अनसूया.

आमच्या बोलीत नावावाचून माणसाचं काही अडत नाही. बाईला ‘गो’ म्हणायचं, पुरुषाला ‘रे’ म्हणायचं, मोठा असला तर दादा, लहान असली तर बाय. अनसूया सुनेला ‘गो सुनीता’ म्हणायची ती नुसतं ‘गो’ म्हणायला लागली. शेजारच्या पोरीलाही गो, सख्ख्या बहिणीलाही गो. कुणाच्या लक्षात येणार? शहरातल्या घरात आजीनं नातीचं नाव चुकवलं असतं तर दुसऱ्या दिवशी कळलं असतं. आमच्याकडे ते ‘गो’च्या पदराखाली झाकलं गेलं.

मग तांदळाच्या भाकरीचं झालं. तिच्या हातची भाकरी पुऱ्या आळीत नावाजलेली, पातळ आणि पांढरीशुभ्र. ती फाटायला लागली. पीठ उकडायचं असतं हेच ती मधेमधे विसरत होती, पण आम्ही तांदळाला दोष दिला. मी गिरणीवाल्याशी भांडून आलो. त्यानं बिचाऱ्यानं दुसऱ्या वेळी दळणाचे पैसे घेतले नाहीत.

आणि माणसं म्हणायची, म्हातारचळ. एवढ्या एका शब्दात सगळं भागवून टाकायची आपल्याला सवय आहे. मीही तेच म्हणायचो, आणि वर थट्टा करायचो की आधी माझं डोकं जाईल असं वाटलं होतं, इथेही तू पुढे गेलीस. ती हसायची. तिचं हसणं तेव्हा अगदी पहिल्यासारखं होतं, म्हणून मी निश्चिंत होतो.

*

एके दिवशी दुपारी मी शेतावरून आलो तर अनसूया घरात नव्हती. सुनीता नळावरून आली तोवर ती निघून गेली होती. नाक्यावर कळलं, मुरबाडच्या एसटीत बसली. तिचं माहेर मुरबाडच्या पलीकडे, टोकावड्याच्या बाजूला. भाऊ वारल्यापासून तिथे कुणी नव्हतं, घराला कुलूप होतं. मी पुढच्या गाडीनं गेलो.

मुरबाडच्या स्टँडवर ती बाकड्यावर बसलेली दिसली. भोवती बाजार करून परत निघालेल्या बायकांचं कडं होतं आणि सगळ्याजणी हसत होत्या. तीही हसत होती. मी जवळ गेलो तर एकजण म्हणत होती, “घे ना गो बाय. आमी कोनाला नाय सांगत. हलकंच घे.” दुसरी म्हणाली, “नुसता गावाचा तरी सांग, मंग आमी वळखू.” हिनं पदर तोंडाला लावला आणि मान हलवली.

मी म्हटलं, ही माझ्या घरची.

“घ्या, आले,” ती बाई म्हणाली. “कवाधरना इचारतोय, कोनाची, कुठली, तर नाव घेयाला तयार नाय. लय लाजरी हाय तुमची.”

त्या बायकांची काही चूक नव्हती. हरवलेल्या बाईला घरचा पत्ता विचारताना त्या तिच्याशी लग्नघरातला खेळ खेळत बसल्या होत्या, कारण आमच्याकडे नवऱ्याचं नाव न सांगणारी बाई हरवलेली वाटत नाही, घरंदाज वाटते. मीही हसलो. दोन गाड्या गेल्या तरी आम्ही तिथे चहा पीत बसलो.

परत येताना ती खिडकीशी होती. किन्हवली आली, आमचा फाटा आला. ती बाहेर बघून मला म्हणाली, “ह्यो कोनचा गाव?”

ज्या गावात ती नवरी होऊन आली, जिथली भातं तिनं लावली आणि झोडली, त्या गावाचं नाव ती मला विचारत होती. मी म्हटलं, आपलाच. ती “असंल” म्हणाली आणि माझ्यामागे उतरली. घरापर्यंतच्या वाटेवर मी तिचा हात धरला. रस्त्यात बायकोचा हात धरायची आमची पद्धत नाही, पण मला भीती वाटत होती.

*

शहापूरच्या डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. भास्करनं रजा टाकली. तिथली ती रांग, तो फिनेलचा वास, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणं, हे ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. अनसूया मात्र खुशीत होती. तिला वाटत होतं आपण कुणाच्या तरी लग्नाला आलोय आणि मंडप सापडत नाहीये.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला गोड. त्यांनी अनसूयेला समोर बसवलं.

“आजी, आता महिना कोणता चाललाय?”

“भात निसवलाय,” अनसूया म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बरोबर आहे, आमच्याकडे या दिवसांत भाताला लोंब्या येतात. मला वाटलं, घ्या, पहिलाच पेपर पास.

“आज वार कोणता?”

“आज उपास नाय.”

हेही बरोबर होतं. मी भास्करला कोपरानं ढोसलं.

“आणि तुमच्या मिस्टरांचं नाव काय?”

अनसूयेनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला, खाली बघितलं आणि गालातल्या गालात हसली. मी मोठ्यानं हसलो. म्हटलं, बाई, हे मात्र तुम्हाला मिळायचं नाही, हे मलाही कधी मिळालेलं नाही.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “काका, नाव आठवत नाही म्हणून त्या घेत नाहीत, की रीत म्हणून घेत नाहीत?”

“रीत म्हणून.”

“तुम्हाला कसं माहीत?”

 त्यांनी मला आणि भास्करला बाहेर बसवलं. डहाणूकडची, आमच्यासारखंच बोलणारी एक सिस्टर होती, तिला म्हणाल्या, कानात सांगायला सांगा. थोड्या वेळानं सिस्टर बाहेर आली. म्हणाली, “मी कान पुढे केला. त्या म्हणतात, घेयाचा नसतो.”

पुढे बऱ्याच तपासण्या झाल्या आणि शेवटी बाईंनी आम्हाला बसवून आजाराचं नाव सांगितलं. मला ते म्हणता येईना, भास्करनं हातावर लिहून घेतलं. त्या म्हणाल्या, हा म्हातारपणाचा दोष नाही, मेंदूचा आजार आहे. बरा होणारा नाही, गोळ्यांनी थोडा सावकाश होईल. नवीन गोष्टी आधी जातील, जुन्या मागाहून. आणि अंगवळणी पडलेल्या रीतीभाती फार उशिरापर्यंत टिकतात. नमस्कार करायचा, पदर घ्यायचा, हे राहतं. ज्याच्यासाठी करायचं तो माणूस मात्र आधीच पुसला गेलेला असू शकतो.

खांबावर तारा असतात, पण त्यांत करंट आहे की नाही हे खालून बघून कळत नाही. बाई सांगत होत्या ते मला असं समजलं. अनसूया पदर ओढते, खाली बघते, हसते, एवढं मला दिसत होतं. त्या मिटलेल्या ओठांच्या आत माझं नाव आहे की नाही, ते दिसत नव्हतं. इतकी वर्षं ते तिथे आहे असं मी धरून चाललो होतो, आणि तिनं एकदा तरी ते घेतलं असतं तर आज ताडून बघता आलं असतं. त्या दिवसापासून मला एवढंच हवं होतं. ती बरी होणार नाही हे मी ऐकलं, पटवूनही घेतलं. पण मी तिच्यात अजून आहे का, हे मला जाणून घ्यायचं होतं.

*

घरी आल्यावर माझी शाळा सुरू झाली. सकाळी चहा झाला की मी विचारायचो, सांग बघू, मी कोण? ती म्हणायची, घरचं. घरचं म्हणजे कोण? नाव सांग. हळू सांग. सुनीता बाहेर गेलीय, आता सांग. ती माझ्याकडे बघायची, मग दाराकडे बघायची. पुढे पुढे ती चहा अर्धा टाकून आत जायला लागली.

कुणी म्हणेल, सरळ तिला आपलं नाव सांगून टाकायचं आणि चेहरा बघायचा. पण ते मी करणार नव्हतो. मी तिच्या कानात घालायचं आणि मीच ते काढून घ्यायचं, त्यात काय मिळालं? आणि घरात दुसरं कुणी ते सांगणार नव्हतं, कारण सूनही सासऱ्याचं नाव घेत नाही. भास्करनं तर जन्मात बापाला नावानं पुकारलं नव्हतं.

एके दिवशी सुनीतानं कपबश्या उचलता उचलता सांगितलं, “मामा, ही शाळा बंद करा. तुमी शेतावर गेलाव का आत्या रडत बसतात. त्यांना वाटतं, काय तरी चुकलंय आपला.”

मी बंद केली. तुमच्या घरी असं माणूस असेल तर त्याची परीक्षा घेऊ नका. आपण विचारतो ते आपल्या जिवाच्या समाधानासाठी.

सुनीतानं त्या काळात जे केलं ते पोटच्या पोरीनं केलं नसतं. आंघोळ घालायची, भरवायचं, कपडे बदलायचे, आणि वर आळ सोसायचा. अनसूया आपली गळ्यातली पोत तांदळाच्या कणगीत लपवायची आणि सुनीतानं चोरली म्हणून आळीभर सांगायची. शेजारणी आधी सुनेकडेच संशयानं बघत. एकदा सुनीता चुलीपुढे बसून म्हणाली, मला चार दिवस माहेरी जाऊ द्या. भास्कर तिच्यावर ओरडला. मी भास्करवर ओरडलो. अनसूया मधे आली आणि म्हणाली, “भांडू नका रे, पावने आलेत.” पाहुणे कोण, तर आम्हीच. सुनीता दुसऱ्या दिवशी माहेरी गेली.

त्या दिवसांत मी अनसूयेची वेणी घालायला शिकलो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, नावानं हाक मारत जा. मीही तिला कधी नावानं बोलावलं नव्हतं, ‘गो’ म्हणायचो. मी तिच्या माहेरचं नाव काढलं, अनशी. वेणी घालताना ‘अनशी, मान सरळ ठेव’ म्हटलं की ती मान सरळ ठेवायची. लग्न झाल्यापासून एवढा वेळ मी तिच्याजवळ कधी बसलो नव्हतो. सतत कुठली तरी लाइन गेलेली असायची आणि मी सायकलवर टांग मारून निघायचो. आता मला वेळच वेळ होता, आणि तिला मी कोण ते माहीत नव्हतं.

*

पुढे भारनियमनाचे दिवस आले. संध्याकाळी दिवे गेले की अनसूया घाबरायची नाही. सुनीता कंदील शोधत असली की ही शांतपणे म्हणायची, “वायरमनला सांगा. वायरमन येल.”

मी म्हणायचो, अगं, मीच वायरमन.

ती कंदिलाच्या उजेडात माझ्याकडे निरखून बघायची. “तुमी? तुमी तं म्हातारं. खांबावर कसं चढाल?”

हे ऐकून भास्करला हसू आवरायचं नाही. मीही हसायचो. पण मला त्या वायरमनचा हेवा वाटायचा, ज्याची ती इतक्या भरवशानं वाट बघत होती.

पावसाळ्यात तिला न्यूमोनिया झाला आणि कल्याणच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथे ती सलाइनची नळी ओढून काढायची, म्हणून मी तिचा हात धरून बसायचो. वॉर्डात पहाटे झाडूवाली यायची, मग चहावाला, मग सिस्टरांची पाळी बदलायची. अनसूया कुणालाच ओळखत नव्हती, त्यामुळे तिला सगळे सारखेच होते आणि ती सगळ्यांची विचारपूस करायची. एकदा जेवणाची गाडी आली. तिच्या पुढ्यात ताट ठेवलं तर ती वाढणाऱ्या मावशीला म्हणाली, “ह्या बाबाला पन वाढा. कवाचा बसलाय इथं. त्याचं कोन नाय वाटतं.”

मावशीनं मला दोन पोळ्या दिल्या. मी भिंतीकडे तोंड करून खाल्ल्या. तिला मी परका होतो, पण परक्यालाही उपाशी ठेवायचं नाही हे तिचं गेलं नव्हतं. त्यावर मी बरेच दिवस काढले.

*

भाद्रपदात मूर्ती घरी आणली. मी अनसूयेला पाटासमोर आणून बसवलं. भास्करच्या लेकीनं विचारलं, आजी, हा कोण?

अनसूयेनं हात जोडले. म्हणाली, “गवरीचा पोर.”

मी भास्करकडे बघितलं. आरती झाल्यावर त्याला पडवीत घेऊन गेलो. म्हटलं, बघितलंस? ती अजून माझं नाव पाळते. म्हणजे तिच्यात ते आहे.

भास्कर दिवसभराच्या कामानं दमलेला होता. तो म्हणाला, “बाबा, ती जल्मभर तसाच बोललीय. जिभेला सवय हाय. आयला मी कोन ते ठाव नाय, आन तुमी एका नावाचा काय धरून बसलाव?”

तो चुकीचं बोलत नव्हता. मुंबईच्या बाईंनीही हेच सांगितलं होतं. आत नात आजीला मोदक भरवत होती. मी पडवीतच बसून राहिलो. मला अनसूयेची इतकी आठवण आली, आणि ती तर चार हातांवर बसलेली होती. मेलेल्या माणसाची आठवण येते ती लोकांना समजते. समोर बसलेल्या माणसाची येते तेव्हा कुणाला सांगायचं? मला तिचं ते ‘अवो’ हवं होतं, चिखलाचे पाय घेऊन आत आलो की पाठीमागून यायचं ते. मला तिची बोलणी खायची होती. एवढं सगळं तर मिळणार नव्हतं, म्हणून मी बहुतेक त्या एका नावाला चिकटून होतो.

*

अनसूया पुढे दोन-तीन वर्षांनी गेली. शेवटचे महिने ती अंथरुणावरच होती, आणि गेली ती भास्कर आणि सुनीता दोघं जवळ असताना, त्रास न होता. त्यापेक्षा त्याआधीचं, ती हिंडतीफिरती असतानाचं एक सांगतो आणि थांबतो.

थंडीचे दिवस होते. भातं घरात आली होती, वालाच्या शेंगा निघाल्या होत्या. अनसूया पडवीत उन्हाला बसून शेंगा सोलत होती. दाणे आणि सालं एकाच सुपात टाकत होती, ती सुनीता मागाहून निवडायची. मी किन्हवलीला गेलो होतो, एका लग्नाला. धुतलेला सदरा, टोपी, असा माझा थाट. अंगणात शिरलो तर ती मला बघून अदबीनं सरकून बसली.

“या, बसा,” म्हणाली. आणि आत हाक दिली, “गो, पावना आलाय. पानी आन.”

मी पायरीवर बसलो. पाहुणा तर पाहुणा.

“कुठलं तुमी?”

“इथलाच.”

“मंग कदी दिसलं नाय.”

“फिरतीचं काम असायचं.”

“आमच्या घरचं पन फिरतीवर असतात,” ती म्हणाली. “लायटीच्या खांबावर चढतात. मला लय घोर लागतो. पावसापान्याचं कुठं चढतात, कुठं नाय.”

“येतील.”

“येतील ना. उशीर होतो, पन येतात.” तिनं एक शेंग सोलली. मग सहज, कुणाही पाहुण्याला विचारावं तसं विचारलं, “नाव काय तुमचा?”

किती वर्षांत मला कुणी नाव विचारलं नव्हतं. मी शाळा बंद केली होती, हट्ट सोडला नव्हता, पण त्या क्षणी मला हट्टही आठवला नाही. विचारलं म्हणून सांगितलं.

“गणपत.”

तिचे हात थांबले. तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला, खाली बघितलं आणि गालातल्या गालात हसली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या, नव्या नवरीच्या होतात तशा. मग आत सुनीता ऐकत नाही ना असं बघून ती हलकेच म्हणाली, “अगो बाय. त्योच तर आमच्या घरच्यांचा हाय.”

सुनीता पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिनं ते ऐकलं होतं. ती तिथेच चौकटीला टेकली.

माझं नाव आत होतं. सवयीनं मिटलेल्या ओठांमागे रिकामं नव्हतं. कुणाचं नाव, कशासाठी घ्यायचं नाही, सगळं तिला ठाऊक होतं. गाव गेलं, लेक गेला, माझा चेहरा गेला, आणि एवढं एक तिनं जपून ठेवलं होतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अनशी, तो मीच आहे. पण ती ज्याची वाट बघत होती तो खांबावर चढणारा तरुण माणूस होता, उशिरा का होईना येणारच होता, आणि तिच्या चेहऱ्यावर त्याच्या नावानं आलेली लाज मला समोर दिसत होती. ती मी मोडली नाही.

“मला नाय घेता येनार तो नाव,” ती माझी माफी मागितल्यासारखं म्हणाली. “मी आपली तुमाला दादा म्हनन. चालंल ना?”

मी म्हटलं, “चालंल.”